४७० मेगावॉटचा सौदा

२०१० साली केंद्रीय वीज नियामक आयोगाने सौर विजेचे दोन दर ठरवून दिले होते. सोलर पॅनेलच्या विजेला युनिटमागे १७ रुपये ९१ पैसे, आणि आरशांनी ऊन एकवटून, त्यावर वाफ करून टर्बाइन फिरवणाऱ्या सौर औष्णिक विजेला १५ रुपये ३१ पैसे. आज वाचणाऱ्याला छापताना आकड्यांची अदलाबदल झाली असं वाटेल. तसं काही झालेलं नाही. त्या वर्षी आयोगाच्या हिशेबात औष्णिक प्रकल्पाला मेगावॉटमागे १५ कोटी ३० लाख रुपये खर्च धरला होता आणि पॅनेलला त्याहून जास्त. आरसे, नळ्या, वाफ, टर्बाइन हा स्वस्त मार्ग, सिलिकॉन महाग, अशी तेव्हाची सर्वसाधारण समजूत होती.

म्हणून जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय सौर अभियानाच्या पहिल्या टप्प्यातल्या १,००० मेगावॉटची सरळ निम्मी-निम्मी वाटणी झाली: ५०० मेगावॉट पॅनेलला, ५०० औष्णिकला. औष्णिकच्या वाट्यातले ३० मेगावॉट आधीच्या योजनेतून या अभियानात आलेल्या प्रकल्पांना गेले. उरलेल्या ४७० मेगावॉटची बोली २०१० च्या अखेरीस उघडली. त्या बोलीचं पुढे काय झालं हे नीट पाहण्यासारखं आहे, कारण ‘सौर औष्णिक आपल्याकडे चालत नाही’ हे वाक्य त्यानंतर इतक्या सहजपणे बोललं जाऊ लागलं की ते कुठून आलं हे कुणी विचारत नाही.

बोलीची रीत साधी होती. आयोगाचा दर हा कमाल दर. त्यावर जो जास्तीत जास्त सूट देईल त्याला आधी काम. वीज २५ वर्षं ठरल्या दराने एनटीपीसीची व्यापार कंपनी, म्हणजे एनव्हीव्हीएन, विकत घेणार आणि कोळशाच्या स्वस्त विजेत मिसळून राज्यांना देणार. एका कंपनीला जास्तीत जास्त १०० मेगावॉट. करार झाल्यापासून २८ महिन्यांत प्रकल्प सुरू झाला पाहिजे, म्हणजे मे २०१३ पर्यंत. उशीर झाला तर बँक हमीवर पाणी.

सात जण निवडले गेले. लँकोच्या ‘दिवाकर’ला १००, केव्हीके एनर्जीला १००, रिलायन्सच्या ‘राजस्थान सन टेक्निक’ला १००, रायपूरच्या हिरा समूहातल्या गोदावरी ग्रीन एनर्जीला ५०, नागपूरच्या अभिजीत समूहातल्या कॉर्पोरेट इस्पात अलॉईजला ५०, मेघा इंजिनीअरिंगला ५० आणि ऑरमला २०. बेरीज बरोबर ४७०. दर १० रुपये ४९ पैशांपासून १२ रुपये २४ पैशांपर्यंत. पंधरा-एकतीसवरून थेट साडेदहापर्यंतची घसरण, तीही अशा तंत्रज्ञानात ज्याचं व्यापारी आकाराचं एकही केंद्र तेव्हा देशात चालू नव्हतं. सरकारी फायलीत याची नोंद यश म्हणून झाली.

प्रत्यक्षात सातांपैकी तीनच उभे राहिले. गोदावरीचा ५० मेगावॉटचा प्रकल्प जैसलमेर जिल्ह्यात नोखला जून २०१३ मध्ये सुरू झाला. रिलायन्सचा जैसलमेर जिल्ह्यातल्याच धूरसरचा आणि मेघाचा आंध्रातल्या अनंतपूर जिल्ह्यातला, दोन्ही २०१४ च्या शेवटी, वाढवून दिलेली मुदतही उलटून गेल्यावर. बाकी चौघांचे २७० मेगावॉट कधी आलेच नाहीत.

नोखचं शेत

आधी जो वेळेच्या आसपास उभा राहिला तो बघू. एखादं तंत्रज्ञान कुठे अडतं हे चाललेल्या उदाहरणावरून जास्त कळतं, कारण बंद पडलेल्याच्या बाबतीत प्रत्येकाकडे एकेक सबब असते.

नोखला आरशांचं शेत आहे ३ लाख ९२ हजार ४०० चौरस मीटरचं. ही जमीन नव्हे, नुसत्या आरशांच्या तोंडाचं क्षेत्रफळ. आरसे लांबट पन्हळीसारखे वाकवलेले, तोंडाशी पावणेसहा मीटर रुंद. बारा-बारा मीटरचे बारा तुकडे जोडून एक संग्राहक होतो, साधारण दीडशे मीटर लांब, आणि तो सगळा एकाच मोटरने उगवतीकडून मावळतीकडे वळत जातो. असे चार संग्राहक नळीने जोडले की एक फेरा. असे १२० फेरे, म्हणजे ४८० संग्राहक.

पन्हळीच्या नाभीरेषेवर, म्हणजे सगळं ऊन जिथे एकवटतं त्या रेषेवर, नळी असते. पोलादी नळी फक्त ७० मिलिमीटर जाडीची, तिच्यावर काचेचं वेष्टण आणि दोन्हींच्या मध्ये निर्वात पोकळी. पावणेसहा मीटर रुंदीचं ऊन सात सेंटिमीटरच्या नळीवर आणायचं, म्हणजे ८० पटींच्या वर एकवटायचं. नळीचे तुकडे चार-चार मीटरचे. एका संग्राहकावर छत्तीस. पूर्ण शेतात १७ हजारांहून जास्त. एखाद्या तुकड्याची काच तडकली की तेवढ्या भागातून उष्णता बाहेर पळते. हे काम करणाऱ्यांच्या बोलण्यात आरशांपेक्षा नळ्यांची काळजी जास्त असते ती यामुळे.

नळीतून पाणी वाहत नाही. डायफिनाइल ऑक्साइड आणि बायफिनाइल यांचं मिश्रण वाहतं, एक कृत्रिम तेल. ते शेतात २९३ अंश सेल्सियसला शिरतं आणि फेरा पूर्ण करून ३९० अंशांना बाहेर येतं. मग त्याच्या उष्णतेने पाण्याची वाफ होते आणि पुढचं सगळं कोळशाच्या केंद्रासारखंच: टर्बाइन, जनित्र, कंडेन्सर, शीतन मनोरा. या तेलाचे दोन स्वभाव आहेत. ४०० अंशांच्या वर ते फुटायला लागतं, म्हणून वाफेचं तापमान कधी कोळशाच्या केंद्राइतकं चढवता येत नाही. आणि १२ अंशांना ते गोठतं. जैसलमेर जिल्ह्यात जानेवारीच्या रात्री पारा १२ च्या खाली जाणं ही रोजची गोष्ट. म्हणजे ज्या प्रकल्पाचं नाव सौर, त्याला हिवाळ्यात रात्री पंप चालू ठेवून तेल फिरवत राहावं लागतं, आणि वेळ पडली तर इंधन जाळून गरमही करावं लागतं. हे खर्च बोलीच्या आकड्यात मावतात, पण ते आधी माहीत असावे लागतात.

या शेतातून वर्षाला ११ कोटी ८५ लाख युनिट अपेक्षित होते. टर्बाइन वर्षभर पूर्ण ताकदीने फिरलं तर जेवढी वीज होईल त्याच्या २७ टक्के. गोदावरीचा दर १२ रुपये २० पैसे. म्हणजे वर्षाची विक्री १४५ कोटींच्या आसपास. हा आकडा लक्षात ठेवा, लगेच लागणार आहे.

ऊन मोजलंच नव्हतं

आरशाने एकवटता येतं ते फक्त थेट येणारं किरण. ढगातून, धुक्यातून, धुळीतून विखरून येणारा उजेड सगळ्या दिशांनी येतो; त्याला आरसा कुठल्याही एका रेषेवर आणू शकत नाही. भिंगाने कागद पेटवायचा खेळ ज्याने केलाय त्याला हे माहीत आहे: आभाळ नुसतं पांढुरकं असलं, उजेड डोळ्यांना खुपत असला, तरी कागद पेटत नाही. सोलर पॅनेलला मात्र विखुरलेला उजेडही चालतो. त्यामुळे ‘या गावात ऊन भरपूर’ या एका वाक्याचे दोन वेगळे हिशेब होतात. पॅनेलसाठी सगळं ऊन मोजायचं, औष्णिकसाठी फक्त थेट किरण, ज्याला या धंद्यात सगळे डीएनआय म्हणतात.

२०१० मध्ये बोली लावणाऱ्यांच्या हातात डीएनआयचे जे आकडे होते ते उपग्रहाच्या चित्रांवरून काढलेले होते. उपग्रहाला ढग चांगले दिसतात. हवेत तरंगणारी बारीक धूळ मात्र त्याला नीट कळत नाही; तिचा अंदाज गणिताने घालावा लागतो. थरच्या वाळवंटात तर अंदाज नेमका तिथेच चुकण्याची शक्यता. मे-जूनमध्ये तिथलं आभाळ निळं नसतं, मळकट पांढरं असतं. ऊन भाजून काढतं, पण सावलीची कड पुसट पडते. पुसट सावली म्हणजे थेट किरण कमी.

जमिनीवर उपकरणं लावून मोजणी करायची सरकारी योजना आली ती २०११ मध्ये. चेन्नईच्या पवनऊर्जा केंद्राने, सी-वेटने, देशभर ५१ केंद्रं बसवली. तोवर करार होऊन गेले होते, दर २५ वर्षांसाठी बांधले गेले होते. मोजणीचे आकडे येऊ लागले तसं लक्षात आलं की अनेक ठिकाणी थेट किरण गृहीत धरल्यापेक्षा कमी आहेत.

आता तो १४५ कोटींचा आकडा. डीएनआय १० टक्के कमी भरला तर विक्री निदान १४-१५ कोटींनी घटते, दरवर्षी. खरं तर घट १० टक्क्यांवर थांबत नाही. सकाळी तेल, नळ्या आणि टर्बाइन तापवायला जी उष्णता लागते ती ऊन कमी म्हणून कमी होत नाही. पंपही तेवढीच वीज खातात. आधी घरखर्च भागतो, उरेल ते विकायचं. ऊन थोडं कमी झालं की विकायचं बरंच कमी होतं. यावर उपाय एकच: आरसे वाढवा. पण आरसे आणि नळ्या हाच तर प्रकल्पाचा सर्वांत महाग भाग, आणि साडेदहा-अकरा रुपयांच्या दरात त्यासाठी जागाच ठेवलेली नव्हती.

माझ्या मते सगळ्या प्रकरणातली पहिली मोठी चूक ही. आणि ती बोली लावणाऱ्यांपेक्षा बोली मागवणाऱ्यांची जास्त. धरण बांधताना नदीचं पाणी आधी वर्षानुवर्षं मोजतात. इथे वर्षभराचीही जमिनीवरची नोंद हातात नसताना सर्वांत कमी दर सांगणाऱ्याला आधी निवडायचं ठरलं. अशा लिलावात जिंकतो तो ज्याचा उन्हाचा अंदाज सर्वांत आशावादी आहे तो.

दुसरी अडचण सामानाची. निर्वात नळ्या बनवणाऱ्या कंपन्या जगात मोजक्या, मुख्यतः जर्मनीची शॉट आणि सीमेन्सने २००९ मध्ये विकत घेतलेली इस्रायलची सोलेल. ते तेल बनवणारे तर दोन-तीनच, आणि त्यांच्याकडे एकाच वेळी स्पेन, अमेरिका आणि भारत अशा सगळ्यांची रांग. त्यात ऑक्टोबर २०१२ मध्ये सीमेन्सने सौर धंद्यातून बाहेर पडायचं जाहीर केलं. धूरसरला फ्रान्सच्या अरेव्हा कंपनीचं तंत्रज्ञान होतं, सपाट पट्ट्यांचे आरसे आणि वर एका जागी बसवलेल्या नळ्या, तेलाऐवजी नळ्यांत थेट पाण्याची वाफ. २०१४ मध्ये अरेव्हानेही सौर विभाग गुंडाळायचं ठरवलं, आणि धूरसर त्याच वर्षी सुरू झालं. पंचवीस वर्षं चालवायच्या यंत्राचा निर्माता यंत्र सुरू होण्याच्या सुमारास दुकान बंद करतो, हे बँकेच्या माणसाला कसं वाटलं असेल याची कल्पनाच केलेली बरी.

डीएनआय आणि तेल ही दोन कारणं पुढे करून मुदतवाढ मागितली गेली आणि मंत्रालयाने दहा महिने दिले, मार्च २०१४ पर्यंत. चौघांना ती पुरली नाही.

तोवर पॅनेल कुठे पोचलं

याच अभियानात पॅनेलच्या पहिल्या बोलीत, २०१० मध्ये, सरासरी दर १२ रुपये १२ पैसे आला होता. वर्षभराने, २०११ च्या बोलीत सरासरी ८ रुपये ७७ पैसे आणि सर्वांत कमी ७ रुपये ४९ पैसे. नोखला अजून पाया खणत असतील तेव्हाची ही गोष्ट. पॅनेल लावायला टर्बाइन नको, पाणी नको, परदेशी इंजिनिअर नको. सहा-आठ महिन्यांत काम उरकतं. औष्णिकमध्ये एक प्रकल्प बांधून धडा घ्यायला तीन वर्षं लागतात, तेवढ्यात पॅनेलवाले चार वेळा शिकून मोकळे होतात.

मे २०१७ मध्ये नोखपासून फार लांब नसलेल्या भाडल्याच्या सौर पार्कसाठी २ रुपये ४४ पैशांची बोली लागली. तीच मरुभूमी, तेच मळकट आभाळ, आणि दर गोदावरीच्या पाचव्या हिश्शाचा. यानंतर दिल्लीत औष्णिकचं नाव काढायची कुणाची हिंमत झाली नसेल तर नवल नाही. त्याआधी २०१५ मध्ये १०० गिगावॉटचं नवं उद्दिष्ट आलं होतं तेही जवळजवळ सगळं पॅनेलच्या भरवशावर.

इथपर्यंतची गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे, आणि इथेच ती संपवतात: पॅनेल स्वस्त झालं, औष्णिक हरलं. मला यात एक दुवा सुटलेला दिसतो.

नोखच्या शेजारी स्पेनमधल्या ग्रॅनडा प्रांतातलं अँडासोल-१ ठेवून पाहा. तिथेही टर्बाइन ५० मेगावॉटचंच. संग्राहकही त्याच जातीचे. फक्त नोखला ४८०, तिथे ६२४. वाढीव १४४ संग्राहकांची दुपारची उष्णता टर्बाइनला जात नाही, मिठात साठते. मीठ म्हणजे सोडियम नायट्रेट ६० टक्के आणि पोटॅशियम नायट्रेट ४० टक्के, वितळवलेलं, २८ हजार ५०० टन. दोन टाक्या, प्रत्येकी ३६ मीटर व्यासाच्या. एकीत २९२ अंशांचं मीठ, दुसरीत ३८६ अंशांचं. दिवसा थंड टाकीतून गरम टाकीत, सूर्य गेल्यावर उलट. त्यावर टर्बाइन पूर्ण ताकदीने साडेसात तास चालतं. उष्णता साठवणं विजेपेक्षा सोपं, हा औष्णिकचा हुकमी एक्का, आणि तोही २०१० च्या आधीच तयार होता. अँडासोल-१ त्याच्या आधी सुरू झालेलं.

मग नोखला मीठ का नाही? कारण कुणी त्याचे पैसे द्यायला तयार नव्हतं. एनव्हीव्हीएनच्या करारात दुपारी एकचं युनिट आणि संध्याकाळी साडेसातचं युनिट एकाच भावाचं. जो साठवण बांधेल त्याचा भांडवली खर्च वाढणार, बोलीत त्याचा दर चढणार आणि तो बाद होण्याची भीती. निवडलेल्यांपैकी काहींच्या आराखड्यात साठवण होतीही. पण जे तीन उभे राहिले त्यातलं एकही रात्री वीज देत नाही. थोडक्यात, निविदेने युनिटं विकत घेतली. वेळ विकत घेतली नाही. ज्या गोष्टीत औष्णिक वरचढ होतं तिला शून्य गुण, आणि ज्यात पॅनेल त्याला गाठणारच होतं त्यात शंभरपैकी शंभर. पॅनेलसारखी दुपारची वीज करणारं औष्णिक केंद्र म्हणजे दुधाचा टँकर घेऊन दारोदार पिशव्या टाकत फिरणं. टँकर नादुरुस्त नसतो, काम चुकीचं दिलेलं असतं.

अर्थात साठवण असती तर सगळं सुरळीत झालं असतं असंही नाही. अमेरिकेत नेवाडातल्या क्रेसेंट ड्यून्सला दहा तासांचं मीठ होतं, ११० मेगावॉटचं टर्बाइन, दहा हजारांवर आरसे आणि मधोमध उंच मनोरा. २०१६ मध्ये तिथली गरम मिठाची टाकी गळली आणि केंद्र सुमारे आठ महिने बंद पडलं. २०१९ मध्ये वीज कंपनीने करारच मोडला. एकच टाकी, एकच मनोरा, एकच टर्बाइन: एक बिघडलं की सगळं बंद. पॅनेलच्या शेतात दोनशे पॅनेल फुटली तरी बाकीची चालूच राहतात. हा धोका खरा आहे आणि बँकांना तो कळतो.

उष्णता उष्णता म्हणूनच विकली तर

नोखच्या शेतात पडलेल्या उन्हाचा वीज होऊन बाहेर येणारा भाग साधारण सहावा-सातवा हिस्सा. बराचसा भाग शीतन मनोऱ्यातून हवेत जातो. ते ऊष्मागतिकीचं देणं आहे, त्यात कुणाचा हलगर्जीपणा नाही. पण ज्याला उष्णताच हवी आहे त्याच्याकडे हे देणं लागूच होत नाही.

लातूरच्या महानंद डेअरीत २००६ मध्ये १६० चौरस मीटरची एक मोठी थाळी बसली, ‘अरुण’ नावाची, आयआयटी मुंबई आणि क्लिक या कंपनीने मिळून घडवलेली. सूर्यामागे दोन्ही अक्षांवर फिरते, दाबाखालचं पाणी तापवते आणि ती उष्णता दूध पाश्चराइझ करायला जाते. पाश्चराइझ करायला लागतं किती? ७२ अंश, १५ सेकंद. त्यासाठी भट्टीत हजार अंशांच्या वरची ज्योत पेटवायची ही सवय आहे, गरज नाही. शिर्डीच्या साई संस्थानाच्या प्रसादालयावर सोळा-सोळा चौरस मीटरच्या ७३ थाळ्या आहेत. त्यांची वाफ स्वयंपाकाला जाते. अबू रोडच्या ‘इंडिया वन’ या ब्रह्माकुमारींच्या सौर केंद्राने तर वीज आणि उष्णता दोन्ही जोडलं: साठ चौरस मीटरच्या ७७० थाळ्या, प्रत्येकीच्या नाभीशी बिडाचा मोठा गोळा, त्यात उष्णता साठते आणि सूर्य गेल्यावरही तिच्यावर वाफ होते, वीज १ मेगावॉट, शिवाय स्वयंपाकघराला वाफ.

या जागांचा एकत्रित आकडा काही डोळ्यांत भरणारा नाही. छपरावर जागा लागते, पावसाळ्यात जुना बॉयलर तयार ठेवावाच लागतो, आणि थाळी पुसणारा माणूस सुट्टीवर गेला की आठवड्यात वाफ कमी पडते. कारखान्याचा मालक दोन बॉयलर सांभाळायला नाखूश असतो, हे मी अनेकांकडून ऐकलंय आणि त्यांचं चुकतंय असं म्हणवत नाही. पण इथे स्पर्धा २ रुपये ४४ पैशांच्या विजेशी नसते. बॉयलरमध्ये जाळायच्या फर्नेस ऑइलच्या भावाशी असते. हिशेबाची पाटीच वेगळी.

आणि वेळ विकत घेणारी निविदा? ती आली, पण दहा वर्षांनी. जानेवारी २०२० मध्ये सौरऊर्जा महामंडळाने १,२०० मेगावॉटचा लिलाव केला, त्यात मागणीच्या ऐन वेळेच्या विजेला वेगळा दर होता. बाकीच्या वेळेला २ रुपये ८८ पैसे, ऐन वेळेच्या युनिटला ग्रीनको कंपनीचे ६ रुपये १२ पैसे आणि रिन्यू कंपनीचे ६ रुपये ८५ पैसे. संध्याकाळच्या युनिटची किंमत दुपटीच्या वर आहे हे पहिल्यांदाच कागदावर आलं. जिंकलेल्या दोघांपैकी एकाने पाणी उंचावर चढवून साठवायचं योजलं, दुसऱ्याने बॅटऱ्या. सौर औष्णिक त्यात कुणीच नव्हतं. नोखचा करार मात्र २५ वर्षांचा आहे, म्हणजे १२ रुपये २० पैशांची दुपारची वीज कागदोपत्री २०३८ पर्यंत येत राहायची आहे.